सूक्ष्म दृष्टि आणि न्यायबुद्धि

सत्य अधिक बारकाईनें मोजतां येऊं लागलें म्हणजे मनुष्य अधिक सत्यनिष्ठ होतो काय? हा प्रश्न केवळ तर्कशास्त्राच्या वर्गांतला नव्हे. ज्या सोलापुरांत २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, त्याच्या आसपासच्या द्राक्षांच्या व डाळिंबांच्या बागांतूनहि तो उभा आहे.

ॲस्टन यांनीं १९१९ सालीं केंब्रिज येथें सिद्ध केलेलें मास स्पेक्ट्रोग्राफ हें यंत्र निऑनसारख्या मूलद्रव्यांतील समस्थानिक निवडण्याकरितां होतें. त्याचे वंशज असलेले आजचे मास स्पेक्ट्रोमीटर रेणूंना विद्युत्भार देऊन निर्वातांत सोडतात आणि वस्तुमान व भार यांच्या गुणोत्तरावरून त्यांस ओळखतात. ज्या कीटकनाशकाची स्वतंत्र मर्यादा ठरलेली नाहीं, त्यास युरोपांत किलोमागें ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे दहा कोटींत एक भाग, एवढीच मुभा आहे. हा अंश जिभेस कळत नाहीं; यंत्रास कळतो.

परंतु यंत्र सर्वज्ञ नव्हे. २०१० सालीं भारतीय द्राक्षें युरोपांत अडविलीं गेलीं, तीं क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अवशेषामुळें. वेलीची अवाजवी वाढ रोखण्याकरितां हें द्रव्य वापरीत; त्याची मर्यादा ०.०५ मिलिग्रॅम होती. निर्यातीपूर्वीं तपासणी झाली होती. पण तपासावयाच्या द्रव्यांच्या यादींत हें नांवच नव्हतें. दाखला खोटा नव्हता, आणि तरीहि तो पुरता खरा नव्हता. जें विचारलें नाहीं, त्याचें उत्तर मिळालें नाहीं.

कोणी म्हणेल, मर्यादा ओलांडली म्हणजे विषबाधा झाली असें नव्हे. हें अगदीं खरें. पण मग दोन्ही गिऱ्हाइकांस एकच न्याय लावावा. निर्यातीच्या द्राक्षांचे नमुने बागेगणिक प्रयोगशाळेंत जातात. मंडईंतल्या ढिगाचा नमुना क्वचितच जातो. भय नसेल, तर परदेशस्थाकरितां घेतलेली काळजी ही केवळ व्यापाराची गरज ठरते. भय असेल, तर आपल्याच मुलांची उपेक्षा हा अपराध ठरतो. या पेचांतून सुटण्यास तिसरी वाट मला दिसत नाहीं.

याचा दोष कर्ज काढून बाग जगविणाऱ्या शेतकऱ्यावर टाकणें सोपें आहे, पण न्याय्य नव्हे. तपासणीचा खर्च समाजानें उचलावा, मंडईंतील फळांचे नमुने नियमितपणें घ्यावे आणि निष्कर्ष नगरजनांस कळवावे. यंत्र दहा कोटींतला एक अंश शोधील; कोणाचें फळ त्यापुढें ठेवावयाचें, हें मात्र आपणच ठरवितों.