मानवणं

डिंगोऱ्यातून माळशेजच्या दिशेने निघालं की डोंगर अंगावर येऊ लागतात, आणि मला दरवेळी ‘आजोबा’ आठवतो. 2009 च्या उन्हाळ्यात टाकळी ढोकेश्वरच्या एका विहिरीतून हा बिबट्या सुखरूप बाहेर काढला गेला. डॉ. विद्या अत्रेय यांच्या बिबट्यांवरच्या अभ्यासासाठी त्याच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधला, शेपटीच्या कातडीखाली एक चिप सरकवली आणि त्याला याच माळशेज घाटात सोडलं. पुढच्या काही आठवड्यांत रस्ते, रूळ, वस्त्या ओलांडत तो सुमारे 120 किलोमीटर चालला आणि मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत पोचला. पट्ट्याचे संदेश पुढे थांबले. 2011 च्या अखेरीस महामार्गावर एका वाहनाच्या धडकेने एक बिबट्या मेला. तो आजोबाच होता, हे शेपटीतल्या चिपेने सांगितलं.

ही चिप म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी. आत बॅटरी नाही. वाचणारं यंत्र जवळ आणलं की त्याच्याच ऊर्जेवर ती आपला आकडा सांगते, एरवी मुकी. गळ्यातला पट्टा मुका झाला तरी मांसातला दाणा अडीच वर्षं जागेवर राहिला. त्याला तिथे कोणी सांभाळलं?

उत्तराची सुरुवात आमच्याकडच्या प्रत्येक पोराच्या तळपायात आहे. बाभळीचा काटा आत मोडला की आजी सुईचं टोक दिव्यावर धरायची आणि जपून कोरायची. नाहीच निघाला तर रुईचा चीक लावून म्हणायची, ‘राहू दे, पिकला की वर येईल.’ काही काटे पिकून पुवाबरोबर बाहेर येत. जो येत नसे, त्याच्याभोवती गाठ धरे. काटा तिथेच, पण कोंडलेला.

1882 साली सिसिलीतल्या मेसिना इथे इल्या मेचनिकॉफ यांनी हेच काचेसारख्या पारदर्शक देहात पाहिलं. तारामाशाच्या अळीत त्यांनी गुलाबाचे काटे टोचले. सकाळी पाहतात तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा. परक्याला गिळणाऱ्या या भक्षक पेशींच्या शोधातून प्रतिकारशक्तीच्या विज्ञानाची एक मोठी वाट निघाली आणि 1908 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

हाडातला रॉड असो, छातीतला पेसमेकर असो की बिबट्याच्या शेपटीतली चिप, शरीर आधी काट्याचीच रीत लावतं. काही क्षणांत रक्तातली प्रथिनं त्या वस्तूवर चिकटतात. मग पांढऱ्या पेशी धावतात. पहिली फळी काही दिवसांत ओसरते आणि मोठ्या भक्षक पेशी ठाण मांडतात. धातू किंवा काच त्यांना गिळवत नाही. तेव्हा त्यातल्या कित्येक एकमेकींत मिसळून अनेक केंद्रकांची एकच महापेशी होतात आणि पृष्ठभागाला बिलगून बसतात. तरीही जमलं नाही की धागे विणणाऱ्या पेशींना हाक जाते, आणि काही आठवड्यांत वस्तूभोवती कोलॅजनची पिशवी तयार होते. पेसमेकरची बॅटरी संपली की शल्यविशारद हीच पिशवी उघडून जुनं यंत्र काढतात आणि नवं बसवतात.

आपल्याकडे औषध, पाणी, हवा, नवं गाव, सगळं ‘मानवतं’ किंवा ‘मानवत नाही’. मला हा शब्द फार नेमका वाटतो. मानवणं म्हणजे आपलं होणं नव्हे. परकं परकंच राहतं, पण दोघांना एकत्र नांदता येतं.

आपल्या भागातल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांना हे नांदणं डोळ्यांत मिळालं आहे. पद्मश्री डॉ. मनोहर डोळे यांनी उभारलेल्या नारायणगावच्या मोहन ठुसे नेत्र रुग्णालयाचं नाव जुन्नरच्या खेड्यापाड्यांत आदराने घेतलं जातं. मोतीबिंदू काढून आत कृत्रिम भिंग बसवण्याची सुरुवात हॅरोल्ड रिडली यांनी 1949 मध्ये लंडनमध्ये केली. दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या प्लास्टिकच्या किरचा शिरल्या होत्या आणि त्या तिथे निमूट पडून होत्या, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. मुळात डोळा प्रतिकाराचा हात आखडता ठेवतो, कारण तिथे जोराची सूज आली तर नजरच जायची. ऑपरेशननंतर सून ठरल्या वेळी सासऱ्याच्या डोळ्यात थेंब घालते, तेव्हा ती त्या आवरलेल्या हाताला आणखी थोडं आवरत असते.

पण शरीराच्या सोसण्यालाही हद्द आहे. डेप्यू कंपनीचा ‘एएसआर’ हा खुब्याचा कृत्रिम सांधा 2010 मध्ये जगभरातून परत मागवावा लागला. भारतात तो सुमारे 4,700 शस्त्रक्रियांमध्ये बसवला गेला होता. धातूवर धातू घासून कोबाल्ट आणि क्रोमियमचे अतिसूक्ष्म कण सुटत. भक्षक पेशी ते गिळत, गिळून मरत, आणि आजूबाजूचं मांस नासत जाई. सांधा एका जागी असला तरी त्याची झीज रोज नवा काटा टोचत होती. ज्याची कड रोज नव्याने सुटते, त्याला कोंडायचं कसं? त्या माणसांच्या वेदनेचा दोष त्यांच्या शरीराकडे नव्हता. शरीर आपलं काम चोख करत होतं. आपण त्याला असं काही दिलं होतं, ज्याच्याशी तह होऊच शकत नव्हता.

म्हणून ‘मानवलं का?’ हा प्रश्न शरीराआधी वस्तूला विचारायला हवा. तू स्थिर राहशील का? झिजून पसरणार नाहीस ना? वस्तू करणाऱ्याने, तपासणाऱ्याने आणि बसवणाऱ्याने आधी याची खात्री दिली पाहिजे.

माळशेजच्या वळणावर गाडी थांबवून मी खालच्या कोकणाकडे पाहतो. या उतारापलीकडे एक जनावर रात्रीमागून रात्री चालत गेलं. शेपटीतल्या दाण्याला त्याच्या देहाने कधी आपलं म्हटलं नाही. त्याच्याभोवती भिंत घातली, आणि त्या भिंतीमुळेच तो दाणा हलला नाही, हरवला नाही. महामार्गाच्या कडेला त्या मेलेल्या जनावरावरून कुणीतरी यंत्र फिरवलं, तेव्हा आकडा जसाच्या तसा होता.