गालावरची शिल्लक

मराठी भाषेत दाढीइतका उलटा व्यवहार दुसऱ्या कशाचा नसेल. 'भाजी केली' म्हटलं की ताटात भाजी दिसते, 'लाडू केले' म्हटलं की डबा भरतो. पण 'दाढी केली' म्हटलं की हनुवटीवर होती नव्हती तीही दाढी गेलेली असते. ज्याला दाढी असते तो ती करत नाही आणि जो रोज करतो त्याला ती नसते! असली नोंद आमच्या बँकेत कुणी केली, तर ऑडिटरने त्याला उभ्या उभ्या मेमो दिला असता.

दुसरी गंमत म्हणजे, लोक दाढी 'करत'ही नाहीत. ते ती उरकतात. "दाढी उरकतो आणि आलोच," असं म्हणतात. आंघोळ आटपतात, जेवण उरकतात, शेवटी आयुष्यही असंच उरकून मोकळे होतात. मी मात्र दाढी करणाऱ्यांपैकी आहे. वाटी, ब्रश, साबण, एका पात्याचा रेझर आणि सकाळची पंधरा मिनिटं एवढ्या भांडवलावर चालणारा हा माझा छंद आहे. तिकिटं जमवणाऱ्याकडे निदान अल्बम तरी राहतो. माझ्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी काय राहतं? खुंट!

केस रोज साधारण पाव ते अर्धा मिलिमीटर वाढतो. म्हणजे आज केलेल्या कामाची खूणही उद्या शिल्लक राहू नये, अशी निसर्गानेच तजवीज केलेली आहे. तेव्हा प्रश्न असा, की जे काम उद्या पुन्हा पहिल्यापासून करायचं आहे, त्यात माणसाने जीव ओतावा की ते उरकून टाकावं? प्रश्न दाढीचा वाटतो, पण जरा खरवडला की खाली बरंच काही निघतं.

तत्त्वज्ञ मंडळींचं दाढीकडे लक्ष गेलं नाही असं नाही. बर्ट्रांड रसेलच्या नावाशी न्हाव्याचं एक प्रसिद्ध कोडं जोडलेलं आहे. एका गावातला न्हावी, जे स्वतःची दाढी स्वतः करत नाहीत त्या सगळ्यांची, आणि फक्त त्यांचीच, दाढी करतो. मग तो स्वतःची करतो की नाही? करतो म्हणावं तर त्याने करता कामा नये. करत नाही म्हणावं तर केलीच पाहिजे. या कोड्याने मोठमोठे गणिती हैराण झाले. पण त्या न्हाव्याला कामात मजा येत होती का, हे कुणी विचारलं नाही. तत्त्वज्ञांचं हे असंच असतं.

मजा असते ती अशी. आधी गालाला गरम पाणी. कोमट नव्हे, सोसेल इतकं गरम. दोन-तीन मिनिटं पाणी मुरलं की केस नरम पडतो. कोरड्या केसावर पातं चालवणं म्हणजे कर्जदाराला चहा न विचारता हप्ता मागणं. मग वाटीत बदामाएवढं क्रीम घ्यायचं आणि ब्रशने घुसळायला लागायचं. सुरुवातीला मोठमोठे बुडबुडे येतात. हा फेस दिसतो भरपूर, पण त्यात दम नसतो. नवरा-बायकोने एक तारखेला केलेल्या बजेटासारखा तो पाच मिनिटांत बसतो. धीर सोडायचा नाही. थेंब थेंब पाणी घालत घुसळत राहिलं की बुडबुडे विरतात आणि फेस चक्क्यासारखा घट्ट होतो. ब्रश उलटा धरला तरी पडत नाही. तो फेस गालावर चढला की आरशात सांताक्लॉज दिसतो. फक्त देणाऱ्याऐवजी हप्ते फेडणारा.

माझा रेझर वडिलांचा. पितळेचा, वर निकेलचं पाणी दिलेला. घसारा काढत गेलं तर पुस्तकी किंमत केव्हाच एक रुपयावर आली असेल, पण मालमत्ता अजून सेवेत आहे. वडील खिडकीपाशी पाटावर बसून, आरसा भिंतीला टेकवून, वाटीभर पाण्यात सगळा कार्यक्रम करत. "हाताचं वजन द्यायचं नाही, रेझरला स्वतःचं वजन आहे," हे त्यांचं वाक्य. साधारण तीस अंशांचा कोन साधला की पातं बारीक खर्र खर्र बोलतं. कोन चुकला की गप्प होतं, आणि मग रक्त बोलतं. त्यावर तुरटी फिरवायची. ती चामडी आवळून धरते आणि रक्त थांबवते. जाता जाता कुठे कुठे घिसाडघाई झाली तेही झोंबून सांगते. इतका प्रामाणिक इन्स्पेक्शन रिपोर्ट मी बँकेतही पाहिलेला नाही.

आणि समोर आरसा! संत सेना महाराजांनी हजामतीचा आरसा हाती घेऊन विवेक सांगितला. आपल्याला त्यात सुटलेला एखादा केस दिसला तरी पुष्कळ झालं. पण दिवसभर लोकांचे चेहरे आणि त्यांच्या सह्या ताडून पाहणाऱ्या माणसाला, स्वतःचा चेहरा ताडून पाहायला मिळतो तो एवढाच वेळ.

आता हे सगळं उरकण्याच्या लायकीचं कुणी केलं? किंग कँप जिलेट नावाच्या अमेरिकन गृहस्थाने. हा मूळचा फिरता विक्रेता, पण डोक्याने तत्त्वज्ञ. १८९४ साली त्याने पुस्तक लिहून जगाला सांगितलं, की माणसामाणसांतली स्पर्धा हेच सगळ्या दुःखाचं मूळ आहे. तेव्हा सर्वांनी मिळून एकच कंपनी काढावी आणि नायगाराच्या विजेवर चालणाऱ्या एकाच प्रचंड शहरात राहावं. जगाने ऐकलं नाही. पुढच्याच वर्षी त्याला वापरून फेकून द्यायच्या पात्याची कल्पना सुचली, आणि जग धावत आलं! धावत म्हणजे अगदी पहिल्या दिवसापासून नव्हे. १९०३ साली अवघे ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. १९०४ मध्ये पेटंट मिळालं, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने सैनिकांना लाखो रेझर वाटले, आणि मग घरोघरी पातं पोचलं. स्पर्धेविरुद्ध पुस्तक लिहिणाऱ्याच्या नावाची कंपनी पुढे पात्यांच्या स्पर्धेत उतरली. १९७१ मध्ये दोन पाती, १९९८ मध्ये तीन, २००६ मध्ये पाच. गरजेवाचून संख्या वाढवू नये, या तत्त्वाला 'ऑकॅमचा वस्तरा' म्हणतात. कंपनीने तो वस्तरा विकत घेतला नसावा.

मात्र त्याच कंपनीने २०१० मध्ये खास भारतासाठी रेझर काढला, आणि तो एका पात्याचा! तिच्या माणसांनी इथे येऊन पाहिलं तेव्हा त्यांना दिसलं, की पुष्कळ लोक वाहत्या नळाखाली नव्हे, तर जमिनीवर बसून वाटीभर पाण्यात दाढी करतात. आणि एकाला एक लागून बसवलेल्या पात्यांतले केस वाटीत बुचकळून निघत नाहीत. माझे वडील ही गोष्ट फुकट सांगू शकले असते.

"पण वेळ वाचतो ना!" आमचे चिरंजीव म्हणतात. ते यंत्र फिरवून तीन मिनिटांत मोकळे होतात. मी कॉमर्सचा माणूस, हिशेब मांडला. रोज बारा मिनिटं वाचली, रविवार सोडून वर्षाचे ३१३ दिवस धरले, तर वर्षाला साडेबासष्ट तास होतात. पन्नास वर्षांत १३० दिवस! रक्कम घसघशीत आहे. फक्त ती जमा कुठे होते, ते खातं सापडत नाही. चिरंजिवांची वाचलेली बारा मिनिटं मी रोज डोळ्यांनी पाहतो. ती पलंगावर, मोबाइलच्या उजेडात, खर्ची पडतात. मला त्यांच्या बारा मिनिटांबद्दल तक्रार नाही. पण मग त्यांनी माझ्या बारा मिनिटांना उधळपट्टी म्हणू नये. वेळ हे असं चलन आहे, की ते वाचवता येत नाही, फक्त दुसऱ्या दुकानात खर्च करता येतं.

इथवर माझी बाजू बिनतोड आहे. कॅशियर रोज संध्याकाळी रोकड जुळवतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करतो, म्हणून कालचं जुळणं फुकट गेलं असं कुणी म्हणत नाही. जी कामं कधीच संपत नाहीत, त्यांचं फळ शेवटी मिळत नाही. मिळालं तर करतानाच मिळतं. हे मी एकदा घरात, ओट्याजवळ उभा राहून, रंगात येऊन सांगत होतो.

"अहो," पोळी लाटता लाटता सौभाग्यवती म्हणाल्या, "मग मी रोज वीस पोळ्या करते, तो माझाही छंदच म्हणायचा का?"

"का नाही? पोळी टम्म फुगते तेव्हा तुला बरं वाटतंच की."

"वाटतं ना. पण नाही वाटलं तरी पोळ्या होतात. तुमची दाढी झाली नाही तर फक्त तुमची दाढी होत नाही. माझ्या पोळ्या झाल्या नाहीत, तर चार डबे रिकामे जातात."

खरी मेख इथे आहे. काम तेच, रोजचंच, दुसऱ्या दिवशी पुसलं जाणारंच. पण त्याचा छंद होतो की वेठ होते, हे कामावर ठरत नाही, खाड्यावर ठरतं. ज्याला खाडा करायची मुभा आहे, त्यालाच ते काम रंगवून करता येतं. मी रविवारी दाढी करत नाही, म्हणून तर सोमवारचा फेस गोड लागतो. पुष्कळ गावांत सलून सोमवारी बंद असतं. त्या दिवशी न्हावी भेटला तर नीट पाहा, त्याच्याच गालावर खुंट असतात. रसेलच्या कोड्याचं उत्तर गणितात नाही सापडलं, पण साप्ताहिक सुट्टीत सापडण्यासारखं आहे!

म्हणून रोजच्या कामात आनंद माना, हा उपदेश दुसऱ्याला करण्याआधी जरा थांबावं. हा आनंद असतो, अगदी खरा असतो, पण तो ज्याचा त्याने शोधायचा असतो. ताटावर बसलेल्याने पोळी लाटणाऱ्याला तो शिकवायचा नसतो. फार तर रविवारी पोळपाट आपण घ्यावा, वेड्यावाकड्या नकाशांना पोळ्या म्हणावं, आणि तिच्या खाड्याची सोय करावी. आनंदाचं शिक्षण देणाऱ्याने आधी समोरच्याचा रजेचा अर्ज मंजूर करायला हवा.