मनावर न घेणारी मुलं

दहावीच्या निकालानंतर गुणवंतांचे सत्कार सुरू होतात. अशाच एका सत्काराला माझ्या पुढच्या खुर्चीवरचे गृहस्थ शेजाऱ्याला आपल्या मुलाबद्दल सांगत होते, "डोकं आहे हो त्याला, पण मनावरच घेत नाही." मुलगा शेजारीच बसला होता. आपल्याकडे घरोघर बोललं जाणारं हे वाक्य त्या दिवशी मला टोचत राहिलं. जिद्द ही मुलाच्या आत असते किंवा नसते, बाहेरच्या कुणाचा तिच्याशी काही संबंध नसतो, असं त्यात गृहीत धरलेलं असतं.

मुलांची तुलना करू नये, चारचौघांत त्यांना बोलू नये, हे आता सर्वांना पाठ आहे. त्यावर शब्द खर्च करत नाही. मला दुसरा एक भेद महत्त्वाचा वाटत आला आहे. मुलाची प्रतवारी करणं वेगळं, त्याच्या कामाची दखल घेणं वेगळं. 'तू हुशार आहेस' ही प्रतवारीच, कितीही गोड असली तरी. 'हे गणित तू दुसऱ्या रीतीनंही सोडवून पाहिलंस' ही दखल. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांचे अमेरिकेतल्या पाचवीच्या मुलांवरचे प्रयोग १९९८ साली प्रसिद्ध झाले. कोडी सोडवल्यावर काही मुलांना हुशारीची शाबासकी मिळाली, काहींना मेहनतीची. हुशार ठरलेल्यांचा कल मग हमखास जमेल अशाच कामाकडे गेला. मुद्दाम अवघड कोडी देऊन त्यांना अपयश चाखायला लावलं, तर नंतरची सोपी कोडीही त्यांना आधीसारखी जमेनात. आपले गुण फुगवून सांगणारीही त्यांच्यातच जास्त निघाली. शाबासकीनं त्यांना गमावण्यासारखं काहीतरी देऊन ठेवलं होतं.

माझे एक निवृत्त मुख्याध्यापक स्नेही हे सगळं लाड म्हणून उडवून लावतात. त्यांच्या मते अपमानानं माणूस पेटून उठतो. एका बाबतीत मी त्यांच्या बाजूचा आहे. कॅलिफोर्नियात १९८६ साली जॉन व्हॅस्कॉन्सेलॉस या आमदारांच्या पुढाकारानं लोकांचा आत्मसन्मान वाढवण्यासाठी चक्क सरकारी कार्यदल नेमलं गेलं. आत्मसन्मान वाढला की अभ्यास सुधारेल, गुन्हे घटतील, अशी आशा होती. पुढे २००३ मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी तोवरचं संशोधन तपासलं, तेव्हा नुसता आत्मसन्मान फुगवून गुण वाढतात याला आधार सापडला नाही. पोकळ कौतुक मुलंही ओळखतात.

पण हे स्नेही बाबासाहेब आंबेडकरांचा दाखला देतात, तेव्हा मला राग येतो. साताऱ्याच्या शाळेत त्यांना वेगळ्या गोणपाटावर बसावं लागलं, शिपायानं नळ सोडल्याशिवाय पाणी मिळत नव्हतं, आणि तरीही ते घडले. म्हणून अपमान घडवतो! त्याच गोणपाटावर बसून शाळा सोडून गेलेल्या मुलांची मोजदाद कोणी केली? आणि बाबासाहेबांच्या मागे शिक्षणासाठी हट्ट धरणारे वडील रामजी सुभेदार होते. १९०७ मध्ये मॅट्रिक झाल्यावर सत्कारात स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांच्या हाती ठेवणारे केळुसकर गुरुजी होते, आणि त्यांनीच पुढे शिष्यवृत्तीसाठी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला. या माणसांचं श्रेय गोणपाटाला देणं अन्यायाचं आहे.

मात्र हा वाद घालता घालता मला माझाच भेद तोकडा वाटू लागला. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या संशोधकांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले. जितके सुटतील तितके पैसे. जात जाहीर केली नव्हती, तेव्हा कथित वरच्या आणि खालच्या जातींच्या मुलांत म्हणावा असा फरक दिसला नाही. सुरुवातीलाच प्रत्येकाचं नाव, गाव आणि जात मोठ्यानं वाचली, तेव्हा खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी ठळकपणे घसरली. कोणी कोणाला हिणवलं नव्हतं, शाबासकी दिली नव्हती. प्रतवारीही नाही, दखलही नाही. एक यादी वाचली गेली, एवढंच. समाजानं आपल्याला कुठं बसवलं आहे, ते त्या मुलांना आधीच ठाऊक होतं.

आपल्याकडे शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी भर वर्गात प्रवर्गाचं नाव घेऊन मुलांना उभं करतात. गुणांवरून अ ते ड तुकड्या पाडतात. ड तुकडीतल्या मुलीच्या वहीची मी कितीही मायेनं दखल घेतली, तरी वर्गाच्या दारावरचं अक्षर ती रोज वाचते.

पण मुलाऐवजी व्यवस्थाच बदलता येते. शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, तेव्हा आदिवासी मुलं बालवाडीत येईनात. यांना शिक्षणाची गोडीच नाही, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणावर गेली. मुलं 'मनावर घेतील' याची वाट त्या दोघी पाहत बसल्या नाहीत.

आपणही तशाच गुणांच्या तुकड्या मोडायला हव्यात, असं मी म्हणतो. तुकड्या मोडल्या तर पुढची मुलं मागं पडतील, असं माझ्या स्नेह्यांना वाटतं. साठ-सत्तर मुलांचा वर्ग सांभाळलेल्या शिक्षकाची ही धास्ती मी हसण्यावारी नेणार नाही. मी त्यांना एवढंच विचारलं, की तुमच्या शाळेतले सर्वांत अनुभवी शिक्षक तुम्ही कोणत्या तुकडीला देत होता? ते म्हणाले, "अ तुकडीला. बोर्डाचा निकाल तिथूनच येतो ना."