भीती वाटली म्हणजे विश्वास गेला का?



“फादर, माझा विश्वास कमी पडतोय का?” आपल्या बल्लारपूरच्या धर्मग्रामातील एका तरुणाने मला विचारले. रात्री एकाएकी छाती धडधडते, श्वास कोंडतो, हातांना मुंग्या येतात, आता मरणारच असे वाटते. डॉक्टरांनी इसीजी काढला. हृदय ठणठणीत! हा पॅनिक अटॅक होता.

मोहफुले वेचताना समोर वाघ आला तर शरीर हेच करते. देवाने दिलेली ती राखणच आहे. पॅनिक अटॅकमध्ये वाघ नसतो, तरी शरीर तशीच हाकाटी करते. तिचा जोर बहुधा दहाएक मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि मग ओसरतो. तोवर श्वास सावकाश सोडत राहावा. पहिल्यांदाच असे झाले तर मात्र अंदाज बांधत बसू नका, दवाखाना गाठा.

गेथसेमनीच्या बागेत प्रभू येशू व्याकूळ झाला. त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडत होता, असे संत लूक सांगतो. येशूचा विश्वास कमी होता असे कोण म्हणेल? त्याने पित्याची प्रार्थना केली, आणि पेत्र, याकोब व योहान यांना आपल्यासोबत जागे राहायला सांगितले. ते झोपले. (आपणही “काही नाही, रोझरी म्हण” असे सांगून कूस बदलतोच.)

झटके पुन्हापुन्हा येत असतील तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. २०२२ पासून शासनाची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मिळते. त्या तरुणासोबत पहिल्या खेपेला त्याची आई गेली होती. पुढच्या खेपेला मी जाणार आहे.