साखळी नसलेल्या कुत्र्याचा मालक

सप्टेंबर संपत आला की चौकाचौकांत फलक लागतात : मोफत रेबीज लसीकरण शिबिर, आपल्या लाडक्याला घेऊन या. लुई पाश्चर १८९५ साली २८ सप्टेंबरला गेला, त्या तारखेला जागतिक रेबीज दिन पाळतात, आणि आपल्याकडे कुठल्याही दिनाचं शेवटी शिबिर होतं. रक्तदान झालं, मोतीबिंदू झाला, आता कुत्री-मांजरं. मांडव तोच, खुर्च्या त्याच, फलकावरचे चेहरेही बहुधा तेच. फक्त हार घेताना पाहुण्यांचं लक्ष जरा स्वतःच्या पायांकडे असतं.

रांगेत कोण असतं ते मात्र बघावं. लॅब्रॅडॉर, पॉमेरेनियन, हल्ली शिह त्झू. गाडीतून उतरलेले, पट्टा बांधलेले, लसीकरणाची पुस्तिका पिशवीत घेऊन आलेले. यांतल्या बहुतेकांना लस विकत परवडते आणि एरवी ती वर्षाच्या वर्षाला टोचलीही जाते. फुकट मिळतेय तर घेतात, त्यात वाईट काही नाही. पण मांडवापासून हाकेच्या अंतरावर बांधकामाचा राखणदार राहतो, त्याच्या पत्र्याच्या खोलीपुढे दोन कुत्री पडलेली असतात. त्यांना नावं आहेत, रात्रीची भाकरी ठरलेली आहे, अनोळखी माणूस आला की भुंकायचं काम ठरलेलं आहे. ती कुत्री शिबिराला येत नाहीत. राखणदाराकडे पट्टा नाही, सकाळी दहाला त्याला जागा सोडता येत नाही, आणि मुख्य म्हणजे ते आमंत्रण आपल्याला आहे असं त्याला वाटलेलंच नाही.

गरिबाने कुत्रं पाळावं का, हा प्रश्न आपण उघड विचारत नाही, पण आपली सगळी प्राणिसेवा त्याचं उत्तर गृहीत धरून चालते. श्रीमंताचं कुत्रं ते पाळीव, गरिबाचं ते भटकं. एकाच्या मालकाला आपण मार्गदर्शन करतो, दुसऱ्याच्या मालकाला मालक मानतच नाही.

हे कायद्यातही उतरलं आहे. २०२३च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार पाळीव प्राण्याचं जंतनाशक, लस आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी, आणि रस्त्यावरच्या प्राण्यांची स्थानिक स्वराज्य संस्थेची. कागदावर वाटणी स्वच्छ आहे. पण वस्तीतलं कुत्रं दिवसा गल्लीत आणि रात्री उंबऱ्यावर असतं. चार घरांचं खातं आणि एका घराचं ऐकतं. महापालिकेची गाडी आली की बाई धावत येते, ‘आमचं हाय ते, नेऊ नका.’ गाडी निघून जाते. पुढे वर्षभर त्याची नसबंदी ना पालिका करते, ना ती बाई. तिला त्या शस्त्रक्रियेचे हजारो रुपये कुठून परवडणार? मग मादी पिल्लं झाली की ती पोत्यात घालून मंडईजवळ सोडली जातात. तिला निर्दय म्हणणं सोपं आहे. नसबंदीची सोय तिच्या गल्लीत नेणं खर्चिक आहे, एवढंच.

मुंबईला या वाटणीचा मोठा जुना अनुभव आहे. जून १८३२मध्ये कंपनी सरकारची माणसं बक्षिसाच्या आशेने कुत्री मारत होती. पुढे पुढे ते घराच्या आवारातलीही उचलू लागले, आणि कुत्र्याला धर्मात मान देणारे पारशी चिडून रस्त्यावर उतरले. दुकानं बंद, गोऱ्या लोकांचं अन्नपाणी तोडलं. हिंदू, जैन, मुसलमानही सामील झाले. भटकं कोणतं आणि घरचं कोणतं हे सरकारी दंडुक्याला कळत नाही, हा त्या दंगलीचा मुद्दा होता. दोन वर्षांनी, १८३४मध्ये, सर जमशेटजी जिजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. त्यातून जीव वाचले, यात शंका नाही. पण पांजरपोळाची दया माणूस आणि जनावर यांना वेगळं करून मगच सुरू होते. ज्याला आपलं जनावर सोडायचं नाही, जवळच ठेवायचं आहे, त्याला ती काही देत नाही.

जनावर जवळच ठेवू देणारी, ही दुसऱ्या जातीची मदत लंडनच्या पूर्व भागात सापडते. मरिया डिकिन नावाच्या बाईने १९१७मध्ये, महायुद्ध चालू असताना, व्हाइटचॅपलमधल्या एका तळघरात गरिबांच्या जनावरांसाठी मोफत दवाखाना काढला. त्या भागातल्या माणसांनाच डॉक्टर परवडत नव्हता. त्यांच्या कुत्र्यांचं, गाढवांचं, मांजरांचं कोण बघणार? पशुवैद्यकांच्या संघटनेने तिला विरोध केला. पदवी नसलेली माणसं उपचार करतात हा आक्षेप अगदी बिनबुडाचा नव्हता, धंद्याची काळजीही त्यात होतीच. बाई हटली नाही. पुढे तिच्या संस्थेच्या फिरत्या गाड्या गावोगाव जाऊ लागल्या. पीडीएसए या नावाने ती संस्था आजही कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतल्या प्राण्यांवर उपचार करते. डिकिनबाईने ‘तुम्हाला परवडत नाही तर पाळता कशाला’ असं विचारलं नाही. मला तिची थोरवी दवाखान्याइतकीच या न विचारण्यात वाटते.

आपल्याकडे हा प्रश्न विचारणारे पुष्कळ आहेत, आणि त्यातले काही स्वतः प्राणिप्रेमी आहेत. त्यांच्या मोहिमाही मग तशाच निघतात. खाद्याची पोती वाटायची, जुन्या चादरी गोळा करायच्या, दिवाळीच्या तोंडावर चमकणारे पट्टे घालत हिंडायचं. पट्टा घातलेलं पिल्लू तीन महिन्यांत वाढतं आणि पट्टा मानेत रुततो, तेव्हा तो सैल करायला कोणी येत नाही. खाद्याचं पोतं आठवड्यात संपतं. छायाचित्र मात्र राहतं. मी कोणाच्या हेतूवर शंका घेत नाही. नामदेवांच्या गोष्टीतही कुत्रं कोरडी पोळी घेऊन पळालं आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. पण धावले. कुत्र्याने वाटीपाशी यावं म्हणून त्यांनी मांडव नव्हता घातला.

कुत्र्यामागे धावणं ही पुराणातली गोष्ट वाटत असेल तर गोव्याकडे बघावं. तिथे २०१४पासून ‘मिशन रेबीज’ आणि राज्य सरकार मिळून काम करतात. गट सकाळी गल्लीत शिरतो. घरचं, हाताशी येणारं कुत्रं असेल तर घरातलंच माणूस धरतं आणि टोचून होतं. जे येत नाही त्याला जाळं टाकून पकडतात, टोचतात, अंगावर रंगाची खूण करतात आणि तिथेच सोडतात. प्रत्येक डोसची नोंद फोनवर, जागेसह. मालक कोण, हा प्रश्न विचारतात तो नोंदीपुरता; उत्तर काहीही आलं तरी सुई तीच. वर्षाला सुमारे ९५ हजार कुत्री आणि शाळांतून सुमारे दीड लाख मुलांना धडे. ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये २०२२ साली आलेल्या अभ्यासानुसार कुत्र्यांमधल्या रेबीजच्या महिन्याच्या नोंदी ९२ टक्क्यांनी उतरल्या आणि रेबीजने माणसं मरणं थांबलं. राज्याच्या सीमा विषाणूला कळत नसल्यामुळे काम मात्र थांबवता येत नाही.

यामागचं गणित साधं आहे. एका भागातल्या सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते. ते सत्तर टक्के पट्टेवाल्यांमधून कधीच भरत नाहीत. शिवाय रस्त्यावरचं कुत्रं फार जगत नाही. आज टोचलेली दोन वर्षांत बरीचशी मेलेली असतात आणि जागी नवी पिल्लं आलेली असतात. म्हणून दर वर्षी, त्याच गल्लीत, पुन्हा. आपल्या शिबिरांत तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू आलं की ‘लहान आहे, नंतर आणा’ म्हणून परत पाठवतात. खाजगी दवाखान्याचा तो शिरस्ता आहे आणि तिथे तो ठीकही आहे, कारण ते गिऱ्हाईक परत येतं. सामूहिक मोहिमेत मात्र पिल्लांनाही टोचा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पोरांच्या मांडीवर असतात ती पिल्लंच.

कार्यशाळांबद्दलही हेच. शहरातल्या कार्यशाळेत आहार, केसांची निगा, फटाक्यांची भीती यांवर दोन तास बोलतात. उपयोगाचंच असतं ते. वस्तीतल्या कार्यशाळेला अर्धा तास पुरतो. कुत्र्याचं तोंड जुन्या ओढणीने न दुखवता कसं बांधावं. चावा बसला तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं. मिरची, हळद, चुना भरायचा नाही. सरकारी दवाखान्यात इंजेक्शन मिळतं, ते आता पोटात चौदा नसतात, आणि दोन घेऊन सोडून द्यायचं नाही. पोटातल्या त्या चौदा सुयांची दहशत अजून घराघरांत आहे. देशात ती जुनी लस बंद होऊन वीस वर्षं होऊन गेली, पण आजीच्या गोष्टीत ती चालूच आहे, आणि त्या भीतीपायी पोरं चावा लपवतात.

ऑगस्ट २०२५मध्ये दिल्लीच्या कुत्र्यांवर सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला : सगळी उचला, निवाऱ्यात ठेवा. अकरा दिवसांत तो बदलला. रेबीज झालेली आणि आक्रमक वगळता बाकीची टोचून, नसबंदी करून होती तिथे सोडा, खाऊ घालायच्या जागा ठरवा. देशभर दोन तट पडले, आणि दोन्हीकडून बोलणारे बहुतेक इमारतींच्या फाटकाच्या आतले होते. ज्यांची पोरं आणि ज्यांची कुत्री एकाच ओट्यावर झोपतात त्यांना कोणी विचारलं नाही. त्यांना चावाही सर्वांत जास्त बसतो आणि कुत्रं गेलं तर चोराची भीतीही त्यांनाच.

सरकारी यंत्रणेला दारोदार जाता येत नाही असं मात्र कोणी म्हणू नये. लाळ्या-खुरकुताची लस गोठ्यागोठ्यात जाऊन फुकट टोचली जाते. २०२२च्या लम्पीच्या साथीत तर पशुवैद्यकीय दवाखान्यांची माणसं महाराष्ट्रभर रात्रंदिवस हिंडली. दुभतं जनावर म्हणजे उत्पन्न, म्हणून मालकाने गोठा सोडून कुठे यावं अशी अपेक्षाच नसते. आपली दिवाळीही वसुबारसेने, गाय-वासराने सुरू होते. नेपाळात याच सणात एक दिवस कुत्र्याला हार-टिळा असतो. आपण खंडोबाजवळ आणि दत्ताच्या पायाशी कुत्रं बसवलं, मान तिथे दिला, आणि दवाखान्याच्या वहीत त्याला रकाना ठेवला नाही.

तो रकाना घालायला फार मोठी योजना लागत नाही. दिवाळीनंतर साताऱ्या-पुण्याकडचे धनगर मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात जातात. निघण्याआधी मेंढरांना आंत्रविषाराची, पीपीआरची लस द्यायला डॉक्टर वाड्यावर येतो तेव्हा कळपाची कुत्री तिथेच असतात, आणि धनगर हाक मारील तेव्हा येतातही. बर्फाच्या डब्यात मेंढरांच्या बाटल्यांशेजारी रेबीजच्या दहा-वीस डोसांना जागा होते. तापमान तेच लागतं, दोन ते आठ अंश. फेरी होणारच असते, पेट्रोल जळणारच असतं. डॉक्टरला ती बाटली कोणी दिलेली नसते, कारण कुत्र्यांच्या लशीचा पैसा ज्या खात्यात आहे त्या खात्याने शहरात मांडव घातलेला असतो.