पात्यातला हेतू

हत्यार वाईट नसतं, वापरणारा वाईट असतो, असं आपण सहज म्हणतो. आमच्या यवतमाळकडच्या विळ्याबाबत ते पटतं. त्याची वाकडी धार ज्वारी कापायला आहे. त्याने खून झाला तर दोष हाताचा.

पण १९४०-४१मध्ये फेअरबेर्न आणि साइक्स यांनी ब्रिटिश कमांडोंसाठी आखलेला सुरा बघा. अरुंद, दुधारी, टोकदार पातं. भोसकायला उत्तम, लाकूड तासायला कुचकामी. इथे हेतू कुणाच्या हातात जाण्याआधीच आकारात उतरलाय.

मग तो आखायलाच नको होता का? समोर नाझी होते. सुरा न देण्याचेही परिणाम होतेच.

मी कोड लिहितो. 'मी फक्त बनवलं' ही सबब मला पुरत नाही. कशासाठी आणि कुणासाठी, हे बनवण्याआधीच विचारायला हवं.