आचरणाची अट आणि संमती

धर्मनिष्ठ संस्थेने विद्यार्थ्याकडून अभ्यासाबरोबरच विशिष्ट आचरणाचीही हमी मागावी काय, हा प्रश्न वरकरणी परदेशातील ख्रिस्ती विद्यापीठांचा वाटतो. अमेरिकेतील व्हीटन महाविद्यालयात विद्यार्थी एका सामाईक आचारसंहितेस बांधलेला असतो. तेथे विद्यार्थ्यांच्या नृत्यावरील बंदी २००३ साली उठली. मद्य व तंबाखू पदवीपूर्व विद्यार्थ्यास सर्वस्वी वर्ज्य आहेत. त्यावरील प्रौढांनी मात्र आपला विवेक वापरावा, अशी मुभा आहे. ही मुभा मला सूचक वाटते. वयाने व समजुतीने वाढलेल्या माणसाच्या ताटातले व पेल्यातले ठरवण्याचा आपला अधिकार कोठेतरी संपतो, हे त्या संस्थेने न बोलता मान्य केले आहे.

परंतु या प्रश्नाचा सर्वांत बोलका दाखला शोधायला अमेरिकेत जाण्याचे कारण नाही. तो पंडिता रमाबाईंच्या चरित्रात आहे, आणि विशेष असे की त्या या अटीच्या दोन्ही बाजूंस उभ्या राहिल्या.

१८८३ साली रमाबाई इंग्लंडमध्ये वाँटेज येथील सेंट मेरी भगिनीसंघाच्या आश्रयास गेल्या आणि २९ सप्टेंबर रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकल्या व संस्कृत शिकवूही लागल्या. आश्रयदात्यांची अपेक्षा अशी की, धर्म स्वीकारला म्हणजे त्याबरोबर येणारी शिस्तही निमूटपणे स्वीकारावी. रमाबाईंनी शाकाहार सोडला नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरेच का असावीत, संस्कृत का नसावीत, असे विचारले. पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवावे की नाही, यावर धर्माधिकाऱ्यांनी हरकत घेतली, तेव्हा त्या निर्णयाचा अधिकारच त्यांनी मान्य केला नाही. सिस्टर जेराल्डिन यांनी जपून ठेवलेला हा पत्रव्यवहार १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आहे. तो वाचताना जाणवते की, श्रद्धेविषयी वाद घालणारी ही स्त्री अश्रद्ध मुळीच नव्हती. ज्या आचारात आपल्या श्रद्धेचा अंश नाही, तो केवळ संस्थेच्या सोयीसाठी पाळण्यास तिचा नकार होता. सिस्टर जेराल्डिन यांना हा अहंकार वाटला. त्यांच्या जागी बसलेल्या बहुतेक प्रशासकांना तसेच वाटले असते. शासकीय सेवेत उमेद घालवलेल्या प्रस्तुत लेखकास ते समजू शकते.

११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडले. पैसा बॉस्टनमध्ये स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनचा, आणि त्याची मुदत दहा वर्षांची. धोरण असे की विधवा मुलींवर कोणत्याही धर्माची सक्ती नसावी, त्यांनी आपापले आचार पाळावेत. रमाबाई स्वतः प्रार्थना करीत त्या वेळी खोलीचे दार उघडे असे आणि कोणास यायचे असल्यास यावे, एवढेच. त्या उघड्या दारावरूनच पुण्यात वादळ उठले. ‘केसरी’ने टीका केली, आणि १८९३ साली रानडे, भांडारकर यांसारख्यांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. दोघेही सुधारक होते व विधवांच्या शिक्षणाचे कळकळीचे पुरस्कर्ते होते. त्यांचा आक्षेप ख्रिस्ती धर्मापेक्षा दिलेल्या शब्दावर होता: पालकांना तटस्थतेची हमी देऊन मुली घेतल्या असतील, तर प्रौढ, आदरणीय गुरूच्या उघड्या दाराचाही कोवळ्या, आश्रित मनावर भार पडतो. रमाबाईंचा प्रतिप्रश्नही तितकाच खरा होता: मी माझ्याच घरात माझी प्रार्थना दार लावून करावी काय? मला दोघांचेही पटते. मात्र त्या वर्षांत या वादाची किंमत मोजली ती पालकांनी परत नेलेल्या मुलींनी. त्यांचे शिक्षण तुटले आणि त्यांचे मत कोणी विचारले नाही.

नंतरचा भाग अधिक अवघड आहे. १८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात आल्या आणि शेकडो उपाशी मुली-स्त्रियांना घेऊन गेल्या. बॉस्टनचा दहा वर्षांचा करार १८९८ साली संपला आणि केडगावचे मुक्तिसदन उघडपणे ख्रिस्ती संस्था झाले. आता तेथे तटस्थतेचा मुखवटा नव्हता, त्यामुळे फसवणुकीचा आरोप करण्यास जागा उरली नाही. पण भुकेने मरणाऱ्या मुलीच्या ‘हो’ला संमती म्हणावे काय? वाँटेजमध्ये रमाबाई ‘नाही’ म्हणू शकल्या, कारण त्या जगभर नावाजलेल्या पंडिता होत्या. त्यांना अन्यत्र दारे उघडली असती. दुष्काळातील मुलीस केडगाव सोडले तर स्मशानच होते. रमाबाईंनी त्यांना जगवले, हे आधी म्हटले पाहिजे. आज त्यांच्यावर ठपका ठेवणाऱ्यांचे पूर्वज तेव्हा काय करीत होते, हेही विचारले पाहिजे. तरीही वाँटेजमध्ये त्यांनी स्वतःसाठी मागितलेली मोकळीक केडगावच्या मुलींना मागताच येण्यासारखी नव्हती.

येथे आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेचे उदाहरण आठवते. १९१७ साली जोग महाराजांनी ती स्थापिली. गळ्यात तुळशीची माळ, अभक्ष्यत्याग, भजन-कीर्तन हे तेथील जीवनच आहे. त्याबद्दल कोणी कुरकुर करीत नाही, कारण तेथे जाणारा त्याचसाठी जातो. वारकरी न होऊ इच्छिणाऱ्याचे तेथे न गेल्याने काहीच अडत नाही. वकिलीची पदवी तशी नव्हे. कॅनडातील ट्रिनिटी वेस्टर्न विद्यापीठाने विधी महाविद्यालय काढण्याचे ठरवले. विवाहाबाहेरील, तसेच समलिंगी शरीरसंबंध वर्ज्य मानणारी प्रतिज्ञा तेथील विद्यार्थ्यांना बंधनकारक होती. वकिलांच्या नियामक मंडळांनी मान्यता नाकारली आणि १५ जून २०१८ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो नकार उचलून धरला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विद्यापीठाने विद्यार्थ्यांसाठी प्रतिज्ञा ऐच्छिक केली.

आपल्या घटनेचे अनुच्छेद ३० अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था स्थापन करून चालवण्याचा हक्क देते. अनुच्छेद २८ चा तिसरा खंड सांगतो की, राज्याची मान्यता वा अनुदान असलेल्या संस्थेत कोणासही त्याच्या, किंवा तो अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीवाचून धार्मिक शिक्षणास वा उपासनेस बसवता येणार नाही. ‘संमती’ हा शब्द तेथे आहे. ती कोणत्या परिस्थितीत दिली, याविषयी कलम बोलत नाही. शिवाय खाणे-पिणे, पोशाख, वसतिगृहातील वावर यांविषयीही त्यात काही नाही, आणि खरे वाद तेथेच होतात, मग संस्था चर्चची असो, मठाची असो वा मदरशाची.

इंदूरचे ख्रिश्चन कॉलेज १८८७ पासूनचे. आमच्या हातोदसारख्या गावांतून इंदूरला शिकायला जाणाऱ्यांना पूर्वी अशी मोजकीच दारे होती. आज इंदुरात महाविद्यालयांची वाण नाही. म्हणून मी संस्थेचा आचारनियम सरसकट अन्याय्य मानत नाही. पण तो शुल्क भरल्यानंतर वसतिगृहाच्या भिंतीवर न दिसता प्रवेश-अर्जासोबत छापील हाती पडावा, आणि जेथे एखाद्या विषयाचे ते एकच महाविद्यालय आवाक्यात आहे, तेथे पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या खासगी आचरणास तो लागू नसावा. शिस्त बिघडेल, असे संस्थाचालक म्हणतील. वाँटेजमध्येही तीच भीती होती, आणि तेथील अबाध्य विद्यार्थिनीने पुढे मूळ भाषांवरून समग्र बायबल मराठीत आणले.